कॅबोशन लोलक

कॅबोशन लोलक : चित्रावर पारदर्शक, घुमटाकार काच चिकटवून व ती धातूच्या कोंदणात बसवून केलेला छोटा लोलक. वरून फुगीर, खालून सपाट आणि पैलू नसलेल्या खड्याला कॅबोशन म्हणतात. भरतकामाचे दोरे ज्या कडीत ओवून ठेवतात, त्या कडीला असा लोलक खूण म्हणून अडकवतात. तो घरी, भट्टीशिवाय आणि थोड्या खर्चात करता येतो.

पूर्वपीठिका : रत्नांना पैलू पाडण्याची कला युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात रुळली. तोपर्यंत खडे घासून गुळगुळीत व घुमटाकार करीत. ओपल, फिरोजा, चंद्रकांत आणि लसण्या आजही बहुधा याच आकारात घडवतात. लसण्यातील प्रकाशरेषा उठून दिसते ती घुमटामुळेच. पारदर्शक आवरणाखाली आठवणीची वस्तू जपण्याची रीतही जुनी आहे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा 1649 मध्ये शिरच्छेद झाला. त्यानंतर त्याचे समर्थक स्फटिकाखाली त्याची आद्याक्षरे, चित्र किंवा केस बसवलेले दागिने वापरीत. आजच्या छंदात स्फटिकाची जागा काचेने आणि हस्तचित्राची जागा छापील कागदाने घेतली आहे.

दोऱ्यांची कडी : भरतकामाच्या सहापदरी सुती दोऱ्याची लच्छी साधारण 8 मीटरची असते. तिचे एकेक मीटरचे तुकडे करून, दुमडून ते पुठ्ठ्याच्या पट्टीतील भोकात अडकवतात. पट्टीवर रंगाचा क्रमांक लिहितात आणि एका नमुन्याला लागणाऱ्या सगळ्या पट्ट्या उघडमिट करता येणाऱ्या एका कडीत ओवतात. क्रमांकासोबत कंपनीचे नाव लिहिणे आवश्यक असते, कारण एकाच रंगाला प्रत्येक कंपनी आपापला क्रमांक देते : काळा रंग डीएमसीत 310, तर अँकरमध्ये 403 आहे. मॅटीच्या कापडावर एकाच वेळी दोन-तीन कामे चालू असली की कड्यांची सरमिसळ होते. मोराच्या नमुन्याच्या कडीला मोराचा लोलक लावला, तर पट्ट्या न चाळता हवी ती कडी उचलता येते.

साहित्य : 20 किंवा 25 मिलिमीटर व्यासाची घुमटी काच, त्याच मापाचे कडेला नाकी असलेले कोंदण, छापलेले चित्र, वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद, काच कोंदणात बसवण्यासाठी दागिन्यांचा गोंद, जोडकडी आणि चापाची कडी. मुंबईत भुलेश्वर आणि पुण्यात रविवार पेठ येथे कृत्रिम दागिन्यांचे सुटे सामान मिळते. चित्र लेझर प्रिंटरवर छापलेले चांगले. लेझरची शाई म्हणजे कागदावर उष्णतेने वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची पूड. ती पाण्याने फुटत नाही. इंकजेटची शाई मात्र पाणी असलेल्या गोंदात बहुधा पसरते. 25 मिलिमीटरच्या काचेचे वजन अंदाजे 4 ग्रॅम भरते. नाजूक कडीला 20 मिलिमीटरची काच पुरते.

कृती : काच पुसून कोरडी करावी, बोटाचा तेलकट ठसाही पुढे दिसतो. सपाट बाजूच्या मधोमध गोंदाचा एकच थेंब ठेवून काच चित्रावर टेकवावी आणि सावकाश दाबावी. थेंब मध्यातून काठाकडे सरकतो आणि हवा बाहेर ढकलतो. गोंद सगळीकडे फासून काच दाबली, तर हवा मध्येच अडकते. पांढऱ्या गोंदातील पाणी काचेतून जाऊ शकत नाही, ते कागदातूनच उडते. म्हणून गोंद पूर्ण पारदर्शक होईपर्यंत काच कोंदणात ठेवू नये. आधीच बसवली तर ओल कोंडते आणि चित्रावर दुधट पापुद्रा राहतो. वाळल्यावर काठालगत कागद कापावा, मागून गोंदाचा पातळ हात द्यावा आणि तोही वाळला की काच कोंदणात बसवून दिवसभर हलवू नये.

जोडकडी उघडताना तिची दोन्ही टोके दोन बारीक पकडींनी धरून एक पुढे आणि एक मागे वळवावे. ती बाहेर फाकवली तर गोलाई बिघडते आणि मिटताना फट राहते. त्या फटीतून लोलक निसटतो, शिवाय दोऱ्याचे पदरही तीत अडकतात.

काचेचा परिणाम : घुमटी काच भिंगाचे काम करते. पूर्ण अर्धगोल काच तळाचे चित्र मधोमध सुमारे दीडपट मोठे दाखवते. लोलकाची काच त्याहून चपटी असल्याने वाढ कमी असते. काठाजवळ मात्र रेषा वाकतात. म्हणून अक्षरे आणि चेहरे मध्यभागी घ्यावेत. वाळलेला गोंद प्रकाशाला जवळजवळ काचेइतकेच वळवतो, त्यामुळे जोड डोळ्याला दिसत नाही. हवेचा बुडबुडा मात्र तिरप्या प्रकाशाचे परावर्तन करतो आणि रुपेरी ठिपक्यासारखा चमकतो.

दोष व उपाय : झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाची वाफ काचेवर पांढरट डाग सोडते, म्हणून तो टाळावा. पातळ कागद गोंदाने भिजला की त्यातून कोंदणाचा धातू दिसू लागतो. मागे एक कोरा कागद लावल्यास चित्र उजळ राहते. काही जण चित्राऐवजी खऱ्या दोऱ्याचा तुकडा काचेखाली चिकटवतात. तो सुंदर दिसतो, पण गोंद शोषताच सुती तंतूंमधील हवा जाते आणि रंग गडद होतो. त्यामुळे अशा लोलकावरून छटा जुळवू नये. त्यासाठी पट्टीवरचा क्रमांक आणि मोकळा दोराच पाहावा.

सुरक्षितता व निगा : तीव्र वासाचे गोंद उघड्या खिडकीजवळ वापरावेत. अतिनील दिव्याखाली घट्ट होणारे रेझिन वापरत असल्यास हातमोजे घालावेत. कच्च्या रेझिनमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. लहान मुलांपासून सुटे भाग दूर ठेवावेत. तयार लोलक पाण्यात बुडवू नये. काठातून पाणी शिरले की कागद डागाळतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे असते.

लोलक कितीही देखणा असला, तरी त्याला राहायचे असते दोऱ्यांच्या सोबतीने. म्हणून कडीत घालण्यापूर्वी दोऱ्याचा एक सुटा पदर कोंदणाच्या काठावरून आणि जोडकडीच्या सांध्यावरून फिरवून पाहावा. जिथे तंतू अडकेल, तिथे बारीक कानस मारावी. पदर विनाअडथळा फिरला, तरच लोलक वापरण्यायोग्य समजावा.