अर्ध्यावर राहिलेलें ‘गीतारहस्य’

ग्रंथ विकत घेतला जाणें आणि तो वाचून पुरा होणें, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’इतका ह्याचा ठळक दाखला मराठींत दुसरा सांपडणें कठिण. १९०८ सालीं टिळकांना शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं हा ग्रंथ पेन्सिलीनें लिहून काढला. १९१४ त सुटका झाल्यावरही हस्तलिखित कांहीं काळ सरकारजवळच होतें. तें परत मिळून जून १९१५ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा पुस्तकाला गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं.

वाचक अडतो कोठें, हें मात्र पाहण्यासारखें आहे. दुसरें प्रकरण ‘कर्मजिज्ञासा’. तेथें हॅम्लेटची कोंडी आहे, सत्य व अहिंसा ह्यांच्या अपवादांची महाभारतांतील चर्चा आहे. कथा ऐकावी तशीं पानें सरतात. सातव्यांत कापिल सांख्यशास्त्र सुरू होतें. प्रकृति, महत्, अहंकार अशीं तत्त्वें मोजतां मोजतां कचेरींतून दमून आलेल्या गृहस्थाची मान कलंडली, तर त्याला दोष कसा द्यावा? पुढें विश्वाची उभारणी, मग अध्यात्म. आणि संन्यास श्रेष्ठ कीं कर्मयोग, हा ग्रंथाचा गाभा आहे अकराव्या प्रकरणांत! आठव्याशीं थांबलेला वाचक तेथवर पोंचतच नाहीं. गीता कर्मयोगपर आहे हें मत तो व्याख्यानांतून ऐकतो आणि तें आपण वाचलेंच आहे असें समजतो. मतामागचीं प्रमाणें मिटल्या पानांतच राहतात. मूळ श्लोक व भाषांतर तर पंधरा प्रकरणें व परिशिष्ट ओलांडल्यावर येतें.

ह्याच गीतेवरील ‘ज्ञानेश्वरी’ कांहीं सोपी नव्हे. शके १२१२ ची भाषा, सुमारें नऊ हजार ओव्या. शके १५०६ त एकनाथांना तिचा पाठ शुद्ध करावा लागला, इतके पाठभेद तींत शिरले होते; कारण तीनशे वर्षें लोक ती उतरून घेत व म्हणत आले होते. अक्षरओळख नसलेलीं माणसेंही ती ऐकत ऐकत पसायदानापर्यंत जात. तेथें वाचणारा एकटा नसे. पारायणाचे दिवस ठरलेले, ओवीला चाल, एक थकला तर पुढें म्हणणारा दुसरा हजर. आज न कळलेली ओवी पुढल्या खेपेस उमगे. टिळकांचें गद्य वाद घालणारें आहे. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, मग प्रमाणें. तें चालीवर म्हणतां येत नाहीं. मागें फिरून, थांबून, एकट्यानेंच वाचावें लागतें. छापखान्यानें ग्रंथ घरोघर नेला, पण वाचणाराची सोबत तेवढी सुटली.

प्रकरणें क्रमानेंच वाचावीं असा मात्र कोणाचा दंडक नाहीं. अकरावें प्रकरण आधीं वाचून सातव्याकडे वळणाराला, टिळकांनीं सांख्यांचीं पंचवीस तत्त्वें एवढ्या चिकाटीनें कां मोजलीं, हें पुष्कळ लवकर कळतें.