सरासरीच्या आड

दारिद्र्य डोळ्यांना दिसते. परंतु राज्यकर्त्यांपुढे ते सिद्ध करावयाचे तर आकड्यांचाच आधार घ्यावा लागतो. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये हेच केले. सरकारी अहवालांतील पिकांचे व अन्य उत्पादनाचे आकडे एकत्र करून, १८६७ ते १८७० या काळात हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये पडते, असे त्यांनी मांडले. त्याशेजारी त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. तो खर्च या रकमेहून अधिक होता! राबणाऱ्या रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नव्हते.

दादाभाईंनी त्याच वेळी आणखी एक इशारा दिला होता. २० रुपये ही केवळ सरासरी. श्रीमंतांचा मोठा वाटा वजा केला म्हणजे गरिबाच्या पदरी त्याहूनही कमी पडते. पुढील वादात हा इशारा मागे पडला. १८८२ मध्ये सरकारी गणिताने २७ रुपये काढले, १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले. वाद राहिला तो सरासरीपुरताच.

वाटणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि कोणते कुटुंब किती खर्च करते, याची पद्धतशीर नोंद होऊ लागली. १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत सांगितले की, देशातील २७ कोटी माणसे दिवसाला ३ आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी १५ आण्यांचा आकडा पुढे केला. परंतु १५ आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती; लोहिया बोलत होते ते तळच्या साठ टक्क्यांविषयी. त्या वर्गाचा सरकारी आकडाही साडेसात आण्यांवर, म्हणजे सरासरीच्या निम्म्यावर आला.

पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच पाहणीच्या आधारे दाखविले की, १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसा आहार मिळण्याइतका खर्च करता येत नव्हता.

दारिद्र्यरेषा कोठे आखावी, याविषयी आजही मतभेद आहेत. तथापि दरडोई उत्पन्नाचा नवा आकडा जाहीर झाला म्हणजे दादाभाईंच्या त्या इशाऱ्याची आठवण ठेवणे अगत्याचे ठरते. त्यातले तळच्या माणसाच्या पदरी किती पडले, हे सरासरी कधीच सांगत नाही.