रुमाल, गांठ आणि आज्ञा



पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दप्तर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ‘रुमाल’ म्हणजे काय हें सांगावयास नको. कागद एकत्र करून चौकोनी कापडांत बांधावयाचे आणि वर गांठ मारावयाची. आंतील मोडी मजकुरांत वेळ व जागा वाचावी म्हणून वारंवार येणारे शब्द आंखूड करीत. ‘मौजे’ न लिहितां ‘मौ॥’ लिहिलें कीं वाचणारा समजून घेई. बांधणें आणि संक्षेप करणें या दोन निराळ्या क्रिया होत. संगणकाच्या इतिहासांतही त्या निरनिराळ्याच जन्मास आल्या.

बांधण्याचें काम ‘टार’ या आज्ञेचें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९७९ सालीं युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ति काढली, तींत ही आज्ञा आली. ‘टेप आर्काइव्ह’ म्हणजे फितीवरील दप्तर, त्याचें हें लघुरूप. अनेक फाइलींची ती एक गठडी करते. आकार मात्र घटवीत नाहीं.

संक्षेपाची विद्या दोन पायऱ्यांनीं आली. १९५२ सालीं डेव्हिड हफमन यांनीं वारंवार येणाऱ्या चिन्हांस आंखूड व क्वचित् येणाऱ्यांस लांब संकेत देण्याची उत्तम रीत प्रसिद्ध केली. पुढें १९७७ सालीं लेम्पेल व झिव या इस्रायली पंडितांनीं निराळी युक्ति मांडली : एकदां येऊन गेलेला मजकूर पुन्हां लिहूं नये, ‘मागें अमुक अक्षरांवर जा, तेथून इतकीं अक्षरें घे’ एवढेंच लिहावें. फिल कॅट्झ यांच्या १९८९ च्या ‘झिप’ पद्धतीनें हा संक्षेप घरोघरीं पोंचला. त्यापूर्वीं युनिक्सवर रूढ असलेल्या ‘कॉम्प्रेस’ आज्ञेच्या रीतीवर पेटंट होतें; म्हणून १९९२ सालीं गेली व ॲडलर यांनीं सर्वांस मुक्त असें ‘जीझिप’ केलें. तेव्हांपासून प्रोग्रॅमांचीं भांडारें बहुधा टारनें बांधून जीझिपनें आंवळलेलीं मिळूं लागलीं.

परंतु या सोयीची एक किंमत आहे. रुमालांतील कागदास कसर लागली तर एखादा शब्द जातो, बाकीचा मजकूर वाचतां येतो. आंवळलेल्या गठडींत पुढचा मजकूर मागच्यावर विसंबलेला असल्यामुळें मध्येंच एक जागा बिघडली तर पुढील सारेंच निरर्थक होऊं शकतें.

त्याहून मोठा धोका हाताचा. धाराशिवास आमच्या शाळेंतील मुलांनीं वर्षानुवर्षें लिहिलेले प्रोग्रॅम मीं एका गठडींत बांधून ठेविले होते. निवृत्तीनंतर एके दिवशीं त्यांतील एकच बाहेर काढावयाचा होता. सोडण्यासाठीं ‘एक्स’ हें अक्षर द्यावयाचें, तेथें माझ्या बोटानें ‘सी’ दिलें. ‘सी’ म्हणजे नवी गठडी बांध. आज्ञाधारक यंत्रानें त्याच नांवानें नवी, रिकामी गठडी बांधली. जुनी पुसली गेली. कारकून असता तर त्यानें निदान ‘गुरुजी, खरेंच का?’ असें विचारलें असतें. एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं चार प्रोग्रॅम सांपडले. बाकीचे गेले ते गेलेच, आणि त्या मुलांना तें कसें सांगावें हें मला आजही कळत नाहीं.

म्हणून तीन नियम सांगतों. गठडी सोडण्यापूर्वीं ‘टी’ हें अक्षर देऊन आंतील यादी पाहावी. जीझिप शेवटीं तपासणीची संख्या लिहून ठेवितो; त्याच्या परीक्षेच्या आज्ञेनें गठडी शाबूत आहे कीं नाहीं हें अधूनमधून पडताळावें. आणि एक नक्कल दुसऱ्याच्या घरीं ठेवावी. जुने दप्तरदार नकला कां ठेवीत, हें मी शाळेंत मुलांना शिकविलें होतें. स्वतः मात्र फार उशिरां शिकलों.