मनोरा रस्त्यासाठी, माणूस घरात

घरात मोबाइलला 'रेंज' मिळेना की आपण खिडकीशी जाऊन उभे राहतो. 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा कोकणातली काही मुले तासासाठी डोंगरावर जाऊन बसत. मनोरा कुठे उभारायचा हा प्रश्न असा थेट शिक्षणाला येऊन भिडला. या प्रश्नाचा इतिहास मात्र घरापासून नव्हे, मोटारीपासून सुरू होतो.

1960च्या दशकात योशिहिसा ओकुमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो परिसरात गाडीतून फिरत रेडिओ लहरींची तीव्रता मोजली. 1968 साली त्यांचे आलेख प्रसिद्ध झाले. 1980 साली मासाहारू हाता यांनी त्या आलेखांवरून सूत्रे तयार केली. पुढे जगभर मनोऱ्यांच्या जागा ठरवताना ती वापरली गेली.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथा हिस्सा उरते, हे आपण वर्गात शिकवतो. हाता यांच्या सूत्रानुसार, अँटेना 30 मीटर उंच असेल तर शहरात ती अकराव्या हिश्श्याच्याही खाली जाते. इमारती लहरी अडवतात, शोषतात, भलतीकडे परतवतात.

टोकियोत 1979 साली सुरू झालेली सेवा मोटारीतल्या फोनची होती. लहर रस्त्यावर पोचली की काम भागत असे. पुढे फोन खिशात आला आणि खिशाबरोबर घरात गेला. मध्ये भिंती, सळया, धातूचा लेप दिलेल्या काचा आल्या. शिवाय, क्लॉड शॅनन यांनी 1948 साली दाखवल्याप्रमाणे, गोंगाटाच्या तुलनेत संदेश क्षीण झाला की माहिती वाहून नेण्याची मर्यादाही घटते. बोलण्यापुरती लहर चित्रफितीला पुरत नाही.

मग मनोऱ्याची शक्तीच का वाढवू नये? कारण शेजारच्या मनोऱ्यांच्या संदेशांत व्यत्यय येतो. शिवाय फोनलाही उत्तर द्यायचे असते, आणि त्याची शक्ती तुटपुंजी असते. मनोऱ्याने ओरडून उपयोग नाही, त्याला फोनचे कुजबुजणे ऐकू यायला हवे.

म्हणून केंद्रच जवळ आणावे लागले. जपानमध्ये 1995 साली सुरू झालेल्या पीएचएस सेवेत कमी शक्तीची छोटी केंद्रे सार्वजनिक फोनच्या खोक्यांवर, खांबांवर बसवली गेली. वाय-फायचे पहिले मानक 1997 साली आले आणि केंद्र थेट घराच्या छताखाली पोचले.

शाळेचा नकाशा काढून प्रत्येक खोलीतली 'रेंज' मुलांकडून नोंदवून घ्यावी. कोणती भिंत किती अडवते आणि केंद्र कुठे हवे, हे मुलेच सांगतील.