‘स्पर्शा’चा कायदेशीर अर्थ : नागपूरचे अपील

कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीला वरिष्ठ न्यायालयात अपील करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. अपिलात पुराव्याची फेरतपासणी होते, तसेच कायद्यातील शब्दांचा अर्थही लावला जातो. एका शब्दाच्या अर्थाने शिक्षा किती बदलू शकते, हे नागपूरच्या एका प्रकरणात दिसून आले.

डिसेंबर २०१६ मध्ये पेरू देण्याच्या बहाण्याने १२ वर्षांच्या मुलीला घरी नेऊन तिच्यावर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप एका व्यक्तीवर होता. मुलीच्या शोधात निघालेली आई त्या घरापर्यंत पोहोचली आणि मुलगी तिला तेथे सापडली. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपूरच्या विशेष न्यायालयाने आरोपीला भारतीय दंड विधानाच्या कलम ३६३ (अपहरण), ३४२ (बेकायदा कोंडून ठेवणे) व ३५४ (विनयभंग) तसेच ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम ८ खाली दोषी ठरवून तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली.

उच्च न्यायालयाचा निकाल

आरोपीने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी १९ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. आई व मुलीची साक्ष त्यांनी विश्वासार्ह मानली. मात्र कपडे न काढता झालेल्या स्पर्शात त्वचेशी त्वचेचा थेट संबंध येत नसल्याने तो ‘पोक्सो’खालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. कलम ८ मधून आरोपीची सुटका झाली व कलम ३५४ खाली एक वर्षाची शिक्षा उरली. कलम ८ खाली किमान शिक्षा तीन वर्षे, तर कलम ३५४ खाली एक वर्ष आहे. सारा फरक येथेच पडला.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका

या निकालाचा परिणाम देशभरातील खटल्यांवर होण्याची भीती होती. अॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी तो सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणला आणि २७ जानेवारी २०२१ रोजी त्यास स्थगिती मिळाली. राष्ट्रीय महिला आयोग व महाराष्ट्र शासन यांनीही आव्हान दिले. हातमोजे घालून अत्याचार करणाराही या तर्काने सुटेल, असा युक्तिवाद अॅटर्नी जनरलनी केला.

न्या. उदय लळित, न्या. एस. रवींद्र भट व न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. कलम ७ मध्ये ‘स्पर्श’ आणि ‘शारीरिक संपर्क’ हे शब्द आहेत. त्वचेची अट कोठेही नाही. गुन्ह्याचा गाभा लैंगिक हेतू हा आहे. कायद्याचा उद्देशच विफल होईल असा संकुचित अर्थ लावता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. संदिग्धतेचा फायदा आरोपीला देण्याचे तत्त्व येथे लागू होत नाही, कारण तरतुदीत संदिग्धताच नाही. आरोपीची तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम झाली.

आजची स्थिती

१ जुलै २०२४ पासून दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नव्या गुन्ह्यांसाठी अपहरणाच्या शिक्षेची तरतूद आता कलम १३७ मध्ये, तर विनयभंगाची कलम ७४ मध्ये आहे. शिक्षेविरुद्धच्या अपिलाची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे. ‘पोक्सो’ हा स्वतंत्र कायदा असल्याने तो लागूच आहे. बालकाच्या अंगावर कपडे होते, एवढ्याच कारणाने आता आरोपीला कलम ८ मधून सुटता येत नाही.