कायदा चांगला, की कायदा कोणाचा?

इंजिनिअरिंगला आम्हाला लॉजिक गेट्स होते: अँड, ऑर, नॉट. खरं तर्कशास्त्र मी नंतर वाचलं, तेही अकरावी-बारावी आर्ट्‌सच्या पुस्तकातून. त्यात एक फरक सुरुवातीलाच येतो. युक्तिवाद युक्त असणं वेगळं आणि त्याची आधारविधानं सत्य असणं वेगळं. ‘सगळ्या जुन्या रूढी चांगल्या; ही रूढी जुनी; म्हणून ही चांगली.’ बांधणी चोख आहे. भांडायचं ते पहिल्या विधानाशी.

हे भांडण मराठीत नेटाने मांडणारा माणूस आमच्या शेजारी शिकला. पातूरहून एसटीने अकोला गाठलं की झालं. गोपाळ गणेश आगरकर तिथून १८७५ साली मॅट्रिक झाले. मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. शिक्षणासाठी वऱ्हाडात आले. पुढे डेक्कन कॉलेज, मिल-स्पेन्सरचं वाचन, आणि मग फर्ग्युसन कॉलेजात इतिहास व तर्कशास्त्राची प्राध्यापकी. टिळक तिथेच गणित शिकवत.

मग संमतीवयाचा वाद पेटला. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. संमतीवय दहावरून बारा करायचं, एवढाच कायदा. आगरकर ‘सुधारका’तून बाजूने, टिळक ‘केसरी’तून विरुद्ध.

शाळेत आपण हे ‘सुधारक विरुद्ध सनातनी’ असं पाठ करतो. पण युक्तिवाद सुटे करून पाहा. टिळकांनी स्वतःच मुलींचं लग्न सोळाच्या आत करू नये, अशी सूचना केली होती. म्हणजे लहान वयातली लग्नं त्यांनाही मान्य नव्हती. त्यांचा मुख्य मुद्दा असा की परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये. कायदा चांगला आहे का, हा एक प्रश्न. तो कोणी करावा, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला लागू पडत नाही. आणि पडतं म्हणायचं, तर १८२९ची सतीबंदीही चूक म्हणावी लागेल! शिवाय ‘केसरी’त धर्मशास्त्राचे आधारही आले, तेव्हा मुद्दा फक्त सरकारचा उरला नाही.

टिळकांचा प्रश्न खोटा नव्हता, हे मी मान्य करतो. पण स्वराज्य येईपर्यंत त्या दहा वर्षांच्या मुलीने थांबायचं कुठे?

मार्च १८९१मध्ये कायदा झाला. आगरकर १८९५ साली, चाळिशीच्या आतच गेले. त्याआधी पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. त्या मिरवणुकीत त्यांचं नेमकं कोणतं विधान खोडून निघालं, ते मला अजून सापडलेलं नाही.