पहिल्यावरून थेट चौथा : कॉर्व्हेटच्या गिअरमागील कायद्याचे गणित

मॅन्युअल गिअरची ‘शेवरोले कॉर्व्हेट’ ही अमेरिकी स्पोर्ट्स कार प्रथमच चालविणाऱ्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. सिग्नल सुटतो, गाडी सावकाश पुढे सरकते, चालक क्लच दाबून गिअरचा दांडा पहिल्यावरून दुसऱ्याकडे ओढतो. परंतु दांडा वाट बदलून चौथ्यात जाऊन बसतो. समोर पहिल्यावरून चौथ्यात जाण्याची सूचना देणारा दिवा लागलेला असतो. हा बिघाड नव्हे, ती कारखान्यातच केलेली योजना आहे.

‘स्किप शिफ्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना जनरल मोटर्सने १९८९ च्या सहा गिअरच्या कॉर्व्हेटमध्ये आणली. पुढे कॅमेरो, फायरबर्ड आणि क्रायस्लर कंपनीच्या डॉज व्हायपरमध्येही ती आली. इंजिन तापलेले असेल, वेग ताशी साधारण २५ ते ३० किलोमीटर असेल आणि अॅक्सिलरेटर हलकेच दाबलेला असेल, तर गाडीतील संगणक गिअरबॉक्सवरील सोलेनॉइडला वीज देतो. त्याची खीळ पुढे सरकून दुसऱ्याची वाट अडवते आणि दांडा शेजारच्या रांगेत वळतो.

याचे मूळ अमेरिकेच्या १९७८ च्या ऊर्जा कर कायद्यात आहे. इंधन अधिक पिणाऱ्या मोटारींवर या कायद्याने कर बसविला. १९९१ पासून गॅलनमागे २२.५ मैलांहून, म्हणजे लिटरमागे सुमारे ९.६ किलोमीटरहून कमी धावणाऱ्या मोटारीवर १,००० ते ७,७०० डॉलर कर लागतो. मोटार किती धावते, हे प्रयोगशाळेतील चाचणीवर ठरते. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी होतात, थ्रॉटल अधिक उघडावा लागतो आणि हवा ओढून घेण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. साहजिकच चाचणीतील आकडा सुधारतो.

रस्त्यावरील अनुभव मात्र निराळा आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.७८, तर चौथ्याचे १.०० आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाला दुसऱ्यात मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेणारे इंजिन चौथ्यात जेमतेम ८०० वर येते. ५.७ लिटरचे इंजिन तेवढ्यावर गाडी ओढते खरे, परंतु चौकात चटकन पुढे निघण्याची गरज असता ते अडखळते.

म्हणूनच ही सक्ती चुकविण्याचे मार्ग निघाले. पहिला मार्ग बिनखर्चाचा आहे : अॅक्सिलरेटर थोडा जोरात दाबावा किंवा ठरावीक वेगपट्टा ओलांडल्यावर गिअर बदलावा. दुसरा मार्ग सोलेनॉइडची वायर काढून ठेवण्याचा. पण तसे केल्यास सर्किट तुटल्याचे संगणकाला कळते आणि ‘पी०८०३’ हा दोषसंकेत नोंदला जातो. यास्तव बाजारात रोधक, म्हणजे रेझिस्टर, बसविलेला छोटा प्लग मिळतो. सोलेनॉइडऐवजी तो वायरच्या टोकाला जोडला की संगणकाला सर्किट पूर्ण असल्याचे भासते. खीळ मात्र हलत नाही. तिसरा मार्ग संगणकाच्या प्रोग्रॅममध्येच बदल करण्याचा. प्लग बसविण्यासाठी गाडीखाली शिरावे लागते. त्यावेळी गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकविणे अत्यावश्यक आहे. मूळ वायर व सोलेनॉइड शाबूत राहत असल्याने गाडी विकताना सारे पूर्ववत करता येते.

या साऱ्यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. इंधन वाचावे म्हणून बसविलेली खीळ चुकविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे अॅक्सिलरेटर अधिक दाबणे, अर्थात अधिक पेट्रोल जाळणे! प्लग बसविणारा चालक निदान सावकाश निघून दुसरा गिअर टाकू शकतो. शिवाय हा कर प्रवासी मोटारींपुरताच आहे. अवजड एसयूव्ही आणि पिकअप त्यातून वगळलेल्या आहेत.

२०२० च्या कॉर्व्हेटपासून मॅन्युअल गिअरच बंद झाला, त्यामुळे तिच्यापुरता हा वाद जुन्या गाड्यांपुरता उरला आहे. त्यातून मिळणारा धडा मात्र जुना झालेला नाही. नियम चाचणीतील आकडा मोजतो, तेव्हा उत्पादक तो आकडा सुधारून देतो. प्रत्यक्ष बचत अखेर चालकाच्या पायावरच अवलंबून राहते.